पुढील मजकूर पान तीनवर

तुमचं शिक्षण कुठं झालं, असं कुणी विचारलं की मी सांगते, फळीवर. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा नाही. मॅट्रिकपर्यंत शाळेत गेले हे खरं, पण डोकं चालवायला शिकले ती आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या बाहेर, भिंतीवरच्या एका फळीसमोर, दळणाचा डबा कमरेवर घेऊन, उभ्या उभ्या.

ते वाचनालय ज्यांनी काढलं त्या गृहस्थांनी जाताना लिहून ठेवलं होतं की गोरगरिबांनाही वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळावं. मंडळानं त्यांची इच्छा पाळली, पण आपल्या पद्धतीनं पाळली. आतल्या मोठ्या टेबलावर सभासदांनी दिवसभर हाताळलेला अंक दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या फळीवर खळ लावून चिकटवायचा, वरून तारेची जाळी आणि जाळीला कुलूप. वर्तमानपत्र तेव्हा चार पानांचं, म्हणजे एकच मोठा कागद. तो उघडून चिकटवला की पान एक आणि पान चार लोकांकडं, आणि दोन नि तीन भिंतीकडं. पान चारवर केसांच्या तेलाच्या नि सिनेमाच्या जाहिराती. थोडक्यात, आम्हा फुकट्यांच्या वाट्याला पहिलं पान आणि केसांचं तेल.

पहिल्या पानावर सगळं जग असायचं. कोरियात सैन्य कुठवर आलं, इराणच्या तेलाचं काय झालं, कोण कोणाशी तह करायला निघाला. पण बातमी नेमकी रंगात आली की खाली बारीक टायपात एक ओळ यायची, ‘पुढील मजकूर पान तीनवर’. आणि पान तीन खळीखाली. इतका संताप यायचा! टांगेवाल्या मामांनी एकदा जाळीच्या फटीतून ओला फडका सारून कागद सोडवायचा प्रयत्न केला. निम्मा कागद फाटून हातात आला, निम्मा फळीवर राहिला, आणि मंडळानं आठ दिवस फळी बंद ठेवली. त्या आठ दिवसांत शेजारच्या पिठाच्या गिरणीत नंबर लावून बसलेल्या बायकांनीसुद्धा मामांना सोडलं नाही.

मग एक खेळ सुरू झाला. कुणी सुरू केला सांगता येत नाही. वाचनालयाचा शिपाई रोज सकाळी खळीची वाटी घेऊन पायरीवर बसायचा आणि चिकटवायच्या आधी पान तीन ओठ हलवत वाचून काढायचा. मग कागद लावायचा, कुलूप घालायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “हं, सांगा.” आम्ही पहिलं पान वाचायचं आणि उरलेली बातमी काय असेल ते आपापल्या डोक्यानं सांगायचं. तो फक्त दोनच शब्द बोलायचा, “व्हय” नाहीतर “न्हाय”. त्याला लाच चालत नव्हती. मामांनी तंबाखूची चंची पुढं केली तर चिमूट उचलायचा आणि तरी “न्हाय” म्हणायचा.

या खेळातले कायमचे गडी तिघंच. टांगेवाले मामा, सकाळच्या गाडीची सवारी सोडून यायचे, तोंडाळ माणूस. दुसरे गूळ बाजारातले हमाल, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. मुरगूडकडचे, घरची थोडी शेती भावांच्या हातात देऊन कोल्हापुरात पाठीवर ढेपा वाहायला आलेले. त्यांना वाचता येत नव्हतं. आणि तिसरी मी. तात्यांना पहिलं पान वाचून दाखवायचं काम माझं, म्हणून मला त्या टोळीत घेतलं. मी मोठ्यानं वाचायचे, मामा मध्ये मध्ये शेरे मारायचे, तात्या खाली बघत ऐकायचे आणि शेवटी एखादंच वाक्य बोलायचे. बहुतेक वेळा शिपाई त्यांनाच “व्हय” म्हणायचा.

कोरियाची लढाई थांबली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पहिल्या पानावर एवढंच आलं होतं की करार झाला, रेघ ठरली, पुढील मजकूर पान तीनवर. मामा म्हणाले, “अमेरिकेनं मुलूख मारला असंल बघ.” मी म्हटलं, नाही, चीननं मारला असेल. तात्या म्हणाले, “पोरी, मागचं सगळं तूच वाचलंयस न्हवं? ह्यो रेटतोय, त्यो रेटतोय. तीन वर्सं झाली, दोघांची बी छाती भरून आलीया. जिथनं सुरू झाली तिथंच सुटली असंल कुस्ती.” शिपाई म्हणाला, “व्हय.” त्या दिवशी मी घरी गेले ती पीठ सांडत गेले. बातमी पाठ करणं वेगळं आणि बातमी कळणं वेगळं, हे मला त्या सकाळी उमगलं, आणि ते मला कुठल्याही शिक्षकानं सांगितलं नव्हतं.

मॅट्रिक झाले आणि घरात बसले. कॉलेजात घालायची ऐपत नव्हती म्हणा, इच्छा नव्हती म्हणा, वडिलांनी कारण सांगितलंच नाही. ते पूर्वीच्या दरबारी कचेरीतले कारकून, संस्थान विलीन झाल्यावर त्यांचं टेबल बदललं आणि ते अजूनच कमी बोलायला लागले. आई स्थळं बघत होती. मला वाचायला हवं होतं, आणि वाचायला मिळण्याची जागा गावात एकच, त्या दगडी पायऱ्यांच्या आत.

आत बायकांसाठी एक खोली होती. मागच्या दारानं जायचं, बुधवारी आणि शनिवारी, दुपारी दोन ते चार. तिथं मासिकं ठेवलेली असत. भरतकाम, लोणची, बाळाचं संगोपन. वर्तमानपत्र त्या खोलीत येत नसे. मी एकदा मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. ते वकील होते, पेठेतले मानाचे गृहस्थ. घरी रेडिओ, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, जगाच्या राजकारणावर व्याख्यानं देणारे. मी म्हटलं, “वकीलसाहेब, आमच्या खोलीतही पेपर ठेवा ना. तासभर ठेवला तरी चालेल.”

ते म्हणाले, “मुलींनी काय करायचंय पेपर वाचून? त्यात मारामाऱ्या आणि राजकारण.”

“मी रोज बाहेर फळीवर वाचतेच की.”

“मग बाहेरच वाच,” ते म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले.

मला रागाची लगेच बाधा होते, हा माझा जुना दुर्गुण. माहेरी त्यावरून बोलणी खाल्ली, सासरी खाल्ली, आता नातवंडांची खाते. पण त्या दिवसाच्या रागाबद्दल मला आजही लाज वाटत नाही. दोन वर्षं मी तो राग जपून ठेवला.

छप्पन्न सालच्या पावसाळ्यानंतर वाचनालयाच्या दारावर कागद लागला. वर्धापन दिनानिमित्त जागतिक घडामोडींची लेखी परीक्षा. सर्वांस खुली. पहिल्या येणाऱ्यास वाचनालयाचं तहहयात सभासदत्व. मी तो कागद तीनदा वाचला. ‘सर्वांस’ म्हणजे सगळ्यांना, आणि ‘तहहयात’ म्हणजे मरेपर्यंत. मरेपर्यंत मला पुढच्या दारानं आत जाता येईल, त्या टेबलाशी खुर्चीवर बसता येईल आणि आजचा पेपर आज वाचता येईल, पान तीनसकट. यापेक्षा जास्त काही मला त्या वयात हवं होतं असं आठवत नाही.

नाव नोंदवायला गेले तर कारकून म्हणाला, परीक्षा पुरुषांची आहे. मी म्हटलं, तसं लिहून दाखवा. तो आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. शेवटी म्हणाला, पालकांची सही आणा. आई म्हणाली, “सुएझ कुठं आलं आणि तुझं लग्न कुठं आलं? उद्या बघायला येतील ते विचारतील, मुलगी परीक्षा देत हिंडते का म्हणून.” वडिलांनी टाक उचलला आणि सही केली. सही कोरडी व्हायला वेळ लागला तेवढा वेळ ते कागदाकडं बघत बसले होते.

तेव्हा सगळ्या पेठेच्या तोंडी सुएझचा कालवा होता. इजिप्तनं कालवा आपला म्हणून ताब्यात घेतलेला, मग दिवाळीच्या सुमारास इंग्रज आणि फ्रेंच सैन्य घेऊन तिथं उतरलेले. कालव्यात इजिप्तनं आपलीच जहाजं बुडवून ठेवली होती. मग लढाई थांबल्याची बातमी आली, पण दोघं तिथंच ठाण मांडून बसले होते. निपाणी, बेळगाव त्याच महिन्यात आमच्याकडून म्हैसूरकडं गेलेलं, त्यामुळे कुणी लांबून येऊन दुसऱ्याच्या जमिनीवर बसलं म्हटलं की आमच्या पेठेचं डोकं फिरत होतं. अमेरिका या दोघांवर नाराज आहे एवढं पहिल्या पानावर आलं, आणि पुढचं पान तीनवर.

“आता काय हालत न्हाईत ते,” मामा म्हणाले. “इंग्रज बसला की बसला. दीडशे वर्सं बगितलंय की आपण.”

तात्यांनी मला विचारलं, “कालव्यात जहाजं बुडवल्यात म्हणालीस?”

“हो. वाट बंद झालीय.”

“मग घेऊन काय करणार? म्हशी धुणार?” मामा हसायला लागले, पण तात्या हसले नाहीत. त्यांनी त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. वेदगंगेवरून एक पाट निघायचा, एकाच्या रानातून दुसऱ्याच्या उसाला जायचा. ज्याच्या रानातून जायचा त्यानं एक दिवस पाट आपला म्हणून अडवला. पलीकडचे दोघं भाऊ काठ्या घेऊन आले आणि पाट ताब्यात घेतला. पण ते यायच्या आधी रानवाल्यानं त्यात धोंडे भरून टाकले होते. दोघं भाऊ कोरड्या पाटावर काठ्या घेऊन राखणीला बसले आणि तिकडं त्यांचाच ऊस वाळत चालला. त्यांच्या उरलेल्या रानाला नदीचं पाणी ओढायचं इंजिन थोरल्या चुलत्याचं. त्याला न विचारता हे भांडायला गेलेले. तो म्हणाला, घरी या, नाहीतर इंजिन बंद. “आले की मुकाट्यानं,” तात्या म्हणाले. “आणि गावात सांगत सुटले, आम्ही जिरवली म्हणून.”

परीक्षा रविवारी सकाळी होती. पुरुष मंडळी मोठ्या खोलीत बसली. मला एकटीला बायकांच्या खोलीत बसवलं, लोणच्याच्या मासिकांसमोर, आणि दारात शिपाई राखणीला. त्यानं मला दौत सरळ करून दिली आणि म्हणाला, “घाबरू नगंस.” मी घाबरले नव्हते, पण बरं वाटलं.

दहा प्रश्न. पहिले नऊ लहान लहान. अमुक देशाची राजधानी कोणती, बांडुंगला देश कशासाठी जमले, हंगेरीत रणगाडे कोणाचे शिरले. त्यातला एक मला आला नाही, कारण त्याचं उत्तर बहुधा पान तीनवरच होतं. दहावा मोठा, सर्वांत जास्त गुणांचा. ‘इंग्लंड व फ्रान्स सुएझमधून माघार घेतील काय? सकारण लिहा.’ मला हसू आलं. आमच्या फळीपुढं रोज हेच तर चालत होतं.

मी तात्यांचा पाट लिहिला, जसाच्या तसा. कालव्यात बुडवलेली जहाजं म्हणजे धोंडे, युरोपला लागणारं तेल म्हणजे वाळणारा ऊस, आणि अमेरिका म्हणजे इंजिनवाला चुलता. लिहिता लिहिता कागद संपला. मी तळाशी ‘मागील पानावर पाहावे’ असं लिहिलं आणि कागद उलटून उत्तर पुरं केलं.

निकाल आठवड्यानं, वाचनालयाच्या अंगणात, खुर्च्या मांडून. पहिला आला तो राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांचा मुलगा, कॉलेजात शिकणारा. मी दुसरी, नऊ गुणांनी मागं. दुसरीला काही नव्हतं. वकीलसाहेब भाषणाला उभे राहिले आणि चष्मा पुसत म्हणाले, “एका परीक्षार्थीनं तर गंमतच केली आहे. आम्ही विचारलं सुएझ, आणि उत्तरात पाट, धोंडे आणि ऊस! त्या उत्तराला मी शून्य दिलं आहे.” अंगण हसलं. सगळ्यांत मोठ्यानं पुढच्या खुर्च्या हसल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, “वकीलसाहेब, उत्तर चुकलं असेल तर कुठं चुकलं ते सांगा.”

“ते उत्तरच नाही, ती गोष्ट आहे,” ते म्हणाले. “जगाचं राजकारण म्हणजे रानातली भांडणं नव्हेत. बस खाली.”

माझ्या शून्याचं मला वाईट वाटलं, पण त्याहून वाईट वाटलं ते मागं वळून बघितल्यावर. तात्या फाटकापाशी उभे होते. निकाल ऐकायला बाजारातनं मुद्दाम आले होते, डोक्याला धुतलेला पटका बांधून. त्यांच्या गोष्टीवर लोक हसले ते त्यांनी ऐकलं होतं. मी हाक मारेपर्यंत ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी फळीपाशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मामा म्हणाले, “लाजलाय त्यो. म्हंतोय, माझ्यापायी पोरीची खुर्ची गेली.” मी खूप रडले. घरी आईला वाटलं बक्षीस गेलं म्हणून रडतेय. मला कुणी बक्षीस दिलं असतं तर मी ते त्या वेळी फेकून मारलं असतं.

डिसेंबरात एके सकाळी मी डबा घेऊन आले तर मामा लांबूनच हात करत होते. टांगा आडवा लावून ठेवलेला, घोडा वाचनालयाच्या पायरीवरचं गवत खात होता. जाळीमागं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आलं होतं की इंग्रज आणि फ्रेंच दोघांनीही सैन्य मागं घ्यायचं ठरवलं. पुढील मजकूर पान तीनवर.

शिपाई कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं “सांगा” म्हटलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, “व्हय.”

मामांनी टांगा घेऊन बाजार गाठला आणि तात्यांना अर्ध्या ओझ्यावरनं उठवून आणलं. मी त्यांना पहिलं पान वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “मग हितं का उभी हाईस? आत जा की.”

आत पुरुषांची वेळ होती. मी डबा गिरणीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पुढच्या तीन पायऱ्या चढले. मामा आणि तात्या उंबऱ्यापाशी थांबले. मोठ्या टेबलाभोवती सात-आठ जण पेपर वाचत बसले होते, मधोमध वकीलसाहेब. सगळ्यांनी माना वर केल्या. इतक्या पुरुषांनी एवढ्या जवळून एकदम माझ्याकडं बघण्याची ती पहिलीच वेळ, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

“माझी उत्तरपत्रिका काढा,” मी म्हटलं.

“ही वेळ बायकांची नाही,” वकीलसाहेब म्हणाले.

“उत्तरपत्रिका काढा, मग जाते.”

त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण शिपायानं तोवर कपाट उघडून गठ्ठा टेबलावर ठेवला होता. म्हाताऱ्या शिपायाची नोकरी गेली असती. तो मला नंतर म्हणाला, किल्ली हातात होती, हात आपोआप फिरला. वकीलसाहेबांनी माझा कागद शोधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. पाट, धोंडे, ऊस, चुलत्याचं इंजिन. एक-दोघं पुन्हा हसले. शेवटच्या ओळीला येऊन ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, “झालं. संपलं. निष्कर्ष कुठं आहे यात? माघार घेतील की नाही, याचं उत्तर कुठं आहे?”

मी टेबलापाशी गेले. कागदाच्या तळाशी त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं काढलेलं शून्य होतं, चांगलं रुपयाएवढं. आणि त्या शून्याच्या पोटात माझे तीन शब्द होते, मागील पानावर पाहावे.

मला तेव्हा सगळं कळलं. ज्या माणसाच्या हातात रोज चारही पानं होती, त्यानं माझं एक पान उलटलं नव्हतं.

“पान उलटा,” मी म्हटलं.

त्यांनी शून्याकडं बघितलं. शून्याच्या आतले शब्द वाचले असावेत, कारण त्यांचे कान लाल झाले. मग कागद उलटला. मागच्या बाजूला तांबडी रेघ नाही, खूण नाही, काही नाही. कोरं करकरीत माझं अक्षर. ते मोठ्यानं वाचेनात, तेव्हा शेजारी बसलेल्या एका पेन्शनर मास्तरांनी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि वाचला. ‘म्हणून मला वाटते की, हे वर्ष संपण्याच्या आत दोघेही परत जातील. आणि जाताना, आपण ज्या कामासाठी आलो होतो ते झाले, असे सांगतील.’

कुणी हसलं नाही. उंबऱ्यावरून मामा ओरडले, “ऐकलंसा का, पावणं? ह्यो तात्या त्या पाटाच्या गोष्टीचा मालक!” आणि तात्यांना ढकलून पुढं केलं. तात्या जोडे बाहेर काढून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“नजरचूक झाली,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, हे मी मान्य करते. “पण सभासदत्व दिलं गेलंय. आता ते काढून घेता येणार नाही. असं करू, बायकांच्या खोलीत शनिवारी पेपर ठेवायची व्यवस्था करतो.”

दोन वर्षांपूर्वी एवढं मिळालं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते. आता माझं डोकं सणकलं. “त्या मुलाचं काढून घेऊ नका,” मी म्हटलं. “त्यानं अभ्यास केलाय. आणि मला शनिवारचा शिळा पेपर नको. परीक्षा सर्वांस खुली असं तुम्हीच दारावर लिहिलं होतं, म्हणजे खुर्चीही सर्वांस खुली. मी बसते.”

आणि मी खुर्ची ओढली आणि बसले. खुर्चीचा फरशीवर मोठा आवाज झाला. मास्तरांनी आपली खुर्ची थोडी सरकवून मला जागा करून दिली. हाताला धरून उठवायला कुणाचा हात पुढं आला नाही. मग वकीलसाहेबांनी आपल्या समोरचा त्या दिवसाचा अंक उचलला, नीट घडी केला आणि टेबलावरून माझ्याकडं सरकवला. “वाचा,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहोजाहो केलं. “पण मनात वाचा. इथं मोठ्यानं वाचायचं नाही, तसा नियम आहे.”

मी अंक उचलला आणि खिडकीपाशी गेले. खिडकी रस्त्याकडं उघडायची, बरोबर फळीच्या वर. खाली आणखी लोक जमले होते, गिरणीतल्या बायका हात झटकत बाहेर आल्या होत्या, मामा बाहेर जाऊन टांग्यावर चढून उभे होते. तात्या आत, माझ्या मागं. मी गजांना लागून उभी राहिले आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला लागले. मागं कुणीतरी “नियम, नियम” म्हणत होतं, मी आवाज आणखी चढवला. आमच्या पेठेनं त्या दिवशी पहिल्यांदा आजची बातमी आजच ऐकली.

मला सभासदत्वाचा कागद आजपर्यंत मिळालेला नाही. मी मागितलाही नाही. लग्न होऊन गडहिंग्लजला जाईपर्यंत रोज पुढच्या दारानं आत गेले आणि त्याच खुर्चीवर बसले, आणि माझ्यानंतर पेठेतल्या इतर मुली बसल्या. पण ते पुढचं. त्या सकाळी मी वाचत वाचत पहिल्या पानाच्या तळाशी आले. तिथं नेहमीची ती बारीक ओळ होती. मी ती वाचली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं थांबले. खालचे सगळेही गप्प झाले. बायका, मामा, सगळे खालमानेनं विचार करायला लागले की पुढं काय असेल.

माझ्या मागून तात्या म्हणाले, “थांबलीस का? आता तुझ्या हातात हाय की. उलट पान.”

मी पान उलटलं.